कवी पूरणसिंग यांचा विश्वधर्म

सर्व धर्मांत एकच परमेश्वर वसतो, हे वाक्य आपण सहज बोलतो. परंतु घरातील तरुण मुलगा परपंथाच्या सत्संगास जाऊ लागला की तेच वाक्य आपल्या ओठांवर येत नाही. अशा प्रसंगी पंजाबी भाषेतील स्वच्छंदतावादी कवी पूरणसिंग (१८८१–१९३१) यांचे चरित्र मननीय आहे.

रसायनशास्त्र शिकण्यासाठी १९०० साली हा शीख तरुण जपानला गेला. तेथे भगवान बुद्धांच्या करुणेने त्याचे चित्त असे वेधले की, त्याने भिक्षूची दीक्षा घेतली. १९०२ मध्ये स्वामी रामतीर्थ टोकियोस आले; त्यांच्या दर्शनाने तो वेदान्ती संन्यासी झाला. पुढे स्वदेशी परतल्यावर विवाह झाला, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत नोकरी लागली. परंतु अंतरीचा शोध थांबला नाही. अखेर १९१२ मध्ये सियालकोटच्या शीख शिक्षण परिषदेत भाई वीरसिंग यांची भेट घडली आणि पूरणसिंग आपल्या जन्मधर्मात परतले.

विश्वधर्म शोधण्यास निघालेला हा साधक जुन्याच उंबरठ्यावर येऊन बसला, मग त्याने मिळविले काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु परतल्यावर पूरणसिंगांनी रामतीर्थांचा त्याग केला नाही; १९२४ मध्ये त्यांचे चरित्र मोठ्या प्रेमाने लिहिले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत स्वधर्म सोडू नको म्हणतात, आणि चौथ्यात, जो ज्या भावाने शरण येईल त्यास मी तसाच भेटतो, असे अभय देतात. (तेथे स्वधर्म म्हणजे प्रथमतः कर्तव्य, पंथ नव्हे, हे खरे.) ही दोन वचने एकाच हृदयात कशी नांदतात, ते येथे दिसते.

फाळणीत लाहोर गेल्यावर पंजाबने चंडीगढ ही नवी राजधानी वसविली. देण्याघेण्यास सदैव खुला असा ‘उघडा हात’ तेथे १९८५ पासून उभा आहे. मराठी यात्रिकाने तो अवश्य पाहावा. पण त्याहून अधिक, तेथील गुरुद्वारात घटकाभर बसावे. गुरुग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. ती गाण्यासाठी शिखांना आपला पंथ सोडावा लागला नाही, आणि नामदेवांनाही विठ्ठल सोडावा लागला नाही.

राहिले पूरणसिंगांचे माता-पिता. १९०३ मध्ये संन्यासी होऊन आलेल्या पुत्राला त्यांनी दाराबाहेर ठेवले नाही. त्याला घरात घेतले आणि १९०४ मध्ये त्याचे लग्न लावून दिले. मन घरी परतण्यास त्यानंतर आणखी आठ वर्षे लागली.