आधी वारा, मग वेग

पुणे, ३ मे

चि. सोन्या,

तुझा निरोप आणि सोबतचा स्क्रीनचा फोटो मिळाला. ग्राफिक्स कार्डाचा कोर १५० मेगाहर्ट्झनं वाढवला, मेमरी ८०० नं, आणि पंधरा मिनिटांत गेम अडखळायला लागला. कोपऱ्यातला आकडा ८७ अंशांवर जाऊन बसलेला. खाली तुझा प्रश्न, ‘आत्या, अजून किती वाढवता येईल?’ दुकान बंद करून घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. फोनवर घाईत सांगण्याची ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसले.

आकडा ८७ वर थांबला म्हणजे कार्डानं तिथं तग धरला, असं तुला वाटलंय. तसं नाही. लॅपटॉपमधल्या एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांना साधारण याच आसपास मर्यादा आखून दिलेली असते. ती आली की कार्ड आपणहून व्होल्टेज आणि वेग खाली आणतं. तापमान स्थिर दिसतं ते वेग पडत असतो म्हणून. आणि पडायला ते ८७ ची वाटही बघत नाही. चिप तापत जाते तसा वेग पंधरा-पंधरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी आधीपासूनच उतरत असतो. तू वरून घातलेला वेग उष्णता खालून काढून घेत होती. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम उघडून ‘हॉटस्पॉट’चा आकडाही बघ. चिपवरची सर्वांत तापलेली जागा तो दाखवतो, आणि एरवी दिसणाऱ्या तापमानापेक्षा तो दहा-पंधरा अंशांनी वर असतो. ही दरी वीसच्या पुढे गेली असेल तर मला कळव, कारण मग चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट सुकलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही.

ज्यानं तुला १५० आणि ८०० हे आकडे सांगितले त्याचा लॅपटॉप तुझ्यासारखा असेलच असं नाही. आरटीएक्स ३०६० याच नावाचं कार्ड एका पातळ लॅपटॉपात ६० वॅटवर चालतं आणि दुसऱ्या जाडजूड लॅपटॉपात ११५ वर. ही मर्यादा कार्डाच्या बायोसमध्येच कोरलेली असते, म्हणून वेग बदलायच्या तुझ्या आफ्टरबर्नर प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिटची पट्टी हलत नाही. ती पट्टी मोकळी करायला दुसरा बायोस भरायचा विचारही करू नकोस. जितके वॅट तुझ्या वाट्याला आलेत तितक्यांतच संसार करायचा आहे.

आता खोलीचं बघ. तुझ्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि दुपारी बंद खोलीतसुद्धा ३८ सहज असतात. पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली तर चिपही जवळपास तेवढीच तापते. पुण्यात डिसेंबरात ७२ वर राहणारा लॅपटॉप तुझ्या खोलीत आत्ता ८७ गाठणारच. म्हणून उन्हाळ्यात जड गेम सकाळी नाहीतर रात्री उशिरा खेळ. कूलर लावलास तर खिडकी उघडी ठेव, हे तुला सांगायला नको. पण लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नकोस. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार आत ओढले जातात, पाणी सुकतं आणि क्षार बोर्डावर बसतात. अशा पांढऱ्या चट्ट्यांचे बोर्ड मी पुसून पुसून थकले आहे. कूलर खोली थंड करू दे, लॅपटॉप बाजूला असू दे.

फोटोत लॅपटॉप गादीवर दिसला, म्हणून हेही सांगते. तुझ्या लॅपटॉपचे पंखे पोटावरच्या जाळीतून हवा घेतात. गादीनं ती जाळीच झाकली की आत जायला हवा राहत नाही. टेबलावर ठेव आणि मागची बाजू इंच-दीड इंच उचल. दोन्ही कोपऱ्यांखाली एकेक पुस्तक पुरे, जाळी मात्र मोकळी राहायला हवी. एवढ्यानं तीन-चार अंश उतरलेले मी अनेकदा पाहिलेत. कूलिंग पॅडवर पैसे घालण्याआधी हे कर.

दोन वर्षं झाली ना घेऊन? मग आत धूळ असणारच. ती नुसती पंख्याच्या पात्यांवर नसते. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये नमद्यासारखा थर धरते, आणि बाहेरून फुंकून तो निघत नाही. घराजवळ जिनिंग असेल तर त्यात कापसाचे तंतूही गुंततात. खालचं झाकण काढल्यावर आधी बॅटरीची पिन सोडव, मग दुसऱ्या कशाला हात लाव. ब्लोअर मारताना पात्यावर बोट ठेवून पंखा धरून ठेव. वाऱ्यानं तो भलत्या वेगानं फिरला तर बेअरिंग जातं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचे दोन्ही पंखे असे गेले, आणि नवे बसवून दिले तेव्हा त्या महिन्याचं भाडं उशिरा भरावं लागलं.

पेस्ट मात्र तू बदलू नकोस. रोज तापून-निवून साधी पेस्ट चिपच्या मधल्या भागातून हळूहळू कडेला सरकते आणि मधे कोरडं राहतं. त्यासाठी मी हनीवेलची पीटीएम ७९५० नावाची पट्टी वापरते. ती ४५ अंशांच्या सुमारास मऊ होऊन खाचाखोचा भरते, आणि कडेला सरकत नाही म्हणून टिकते. कोणी लिक्विड मेटल सुचवलं तर स्पष्ट नाही म्हण. त्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियम खातं, आणि त्यातून वीज वाहते. मागच्या वर्षी इंजिनिअरिंगचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. थेंब चिपच्या कडेच्या कपॅसिटरांवर ओघळलेला, बोर्ड मेलेला. त्याच्या वडिलांना किंमत सांगताना मला फार जड गेलं.

आता तुझ्या आवडीचा भाग. चिप जी वीज खाते ती वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. सगळं मर्म इथं आहे. समज तुझं कार्ड ९०० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झवर चालतंय. तोच वेग ८०० ला मिळाला, तर आठ भागिले नऊचा वर्ग कर: ०.७९. चिप ८० वॅट खात असेल तर सोळा-सतरा वॅट वाचले, आणि वेग एक मेगाहर्ट्झही गेला नाही. शिवाय चिप थंड राहिली की तिच्यातून वाया जाणारी वीजही कमी होते. जे वॅट वाचले तेच वेगासाठी वापरता येतात. वॅटांना कुलूप असलेल्या लॅपटॉपात खरं ओव्हरक्लॉकिंग हेच.

तू कोरला १५० दिलेस तेव्हा व्होल्टेज आणि वेगाचा अख्खा वक्र वर सरकला. प्रत्येक व्होल्टेजला १५० जास्त मागितले गेले, आणि कार्ड वरच्या टोकाच्या व्होल्टेजपर्यंत धावतच राहिलं. त्याऐवजी आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाब, वक्र उघडेल. ८५० मिलिव्होल्टचा ठिपका पकड. सध्या गेममध्ये तापल्यावर जो वेग टिकतो त्याच्या थोडा वर तो ठेव, आणि उजवीकडचे सगळे ठिपके त्याच उंचीवर सपाट कर. मग तुझा सर्वांत जड गेम अर्धा तास खेळ. बंद पडला नाही, चित्रात ठिपके-पट्टे आले नाहीत, तर २५ मिलिव्होल्ट खाली ये. बंद पडला तर वेग पंधरानं कमी कर. घाई करू नकोस, एका संध्याकाळी एकच बदल. आणि आठवडाभर निर्धोक चालल्याशिवाय विंडोज सुरू होताच सेटिंग लागू होईल अशी खूण करू नकोस, नाहीतर चुकलेलं सेटिंग दर वेळी आपोआप लागत राहील. प्रत्येक चिप वेगळी असते, म्हणून मी तुला नेमका आकडा देत नाही.

मेमरीचे ८०० आजच काढून टाक. तुझ्या लॅपटॉपसारख्या बऱ्याच लॅपटॉपांत मेमरीचं तापमान दाखवणारा आकडाच नसतो, आणि त्या चिपांवर पातळ पॅडखेरीज काही नसतं. जे मोजता येत नाही ते तापवायचं कशाला? वाढवायचीच असेल तर कोर नीट बसल्यावर मेमरी शंभर-दोनशेनं पुढे ने, आणि दर वेळी फ्रेम खरोखर वाढल्या का ते बघ.

आणखी एक, ज्याकडे कोणी बघत नाही: प्रोसेसर. तुझ्या लॅपटॉपात तांब्याच्या त्याच नळ्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांवरून जातात. प्रोसेसर ९५ वर असेल तर शेजारचं कार्ड थंड राहणार कसं? विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के कर. बहुतेक लॅपटॉपांत तेवढ्यानं टर्बो बंद होतो. ज्या गेममध्ये सगळा भार ग्राफिक्सवर असतो तिथं फ्रेमचा फरक तुला जाणवणारही नाही. आणि फ्रेमना ९० ची मर्यादा घाल. मेन्यूच्या पडद्यावर दोनशे फ्रेम काढत कार्ड तापवण्यात काही अर्थ नाही.

इतकं का लिहितेय? २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपच्या काही चिपांतल्या सदोष पॅकेजिंगपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. चिप आणि तिच्या तळामधले सूक्ष्म सांधे तापून-निवून, तापून-निवून तडकत होते. आजचं साहित्य पुष्कळ सुधारलंय, पण प्रत्येक तापण्या-निवण्यात सांधे ताणले जातात ते आजही. २०१५ च्या फेब्रुवारीत तर त्याच कंपनीनं नव्या ड्रायव्हरमधून लॅपटॉपवरचं ओव्हरक्लॉकिंगच बंद केलं होतं. लोकांनी आवाज उठवल्यावर ते परत दिलं. तुला ही मोकळीक मिळाली याचा मला आनंदच आहे. लहानपणी रेडिओ उघडणारी मी, तुला कोणत्या तोंडानं अडवू? पण दादानं हा लॅपटॉप हप्त्यांवर घेतलाय आणि शेवटचा हप्ता अजून सात महिने दूर आहे. वॉरंटीही संपलीय. त्यात कार्ड बोर्डालाच डाख दिलेलं, एकटं बदलता येत नाही.

उद्या सगळं मूळ सेटिंगवर आण. टेबलावर ठेवून वीस मिनिटं खेळ आणि मला चार आकडे पाठव: खोलीचं तापमान, कार्डाचं, हॉटस्पॉटचं, आणि शेवटच्या पाच मिनिटांतला वेग. त्यावरून वक्र कुठून सुरू करायचा ते सांगते. जूनमध्ये येशील तेव्हा पेस्टऐवजी ती हनीवेलची पट्टी मी बसवून देईन. लॅपटॉप बॅगेत टाकण्याआधी पूर्ण बंद कर, नुसतं झाकण लावून आणू नकोस, बॅगेतही तो तापतो. अडॅप्टरही आण, त्याची पिन सैल झालीय असं वहिनी म्हणत होती.

तुझी,
आत्या