रडीचा डाव

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो; धर्मग्रंथांत तिचं आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळले आणि महादेव हरले, अशी कथा. कोजागरीच्या रात्रीही फाशांचा खेळ सांगितलेला आहे. समोरासमोर बसून खेळणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं निदान सणाच्या दिवशी तरी कुणी मानलं नाही. (पत्त्यांचा जुगार धर्माच्या नावावर खपवणाऱ्यांना नेमकी एवढीच शास्त्राज्ञा पाठ असते, तो भाग वेगळा.)

आमच्या मंगळवेढ्याच्या मुलखात सारीपाट ओव्यांतून आणि गाण्यांतूनही भेटतो. खंडोबा म्हाळसेशी पट मांडतो, हरतो आणि पैजेप्रमाणे बारा वर्षं घर सोडतो; जातो तो थेट बानूच्या वाड्यावर मेंढरं राखायला. तो मुद्दाम हरलाय हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं, म्हाळसेला उशिरा उमगतं. मोबाइलमधलं बुद्धिबळही ‘सोपी पातळी’ निवडली की मुद्दाम हरतं, पण त्या हरण्यात त्याला काही साधायचं नसतं. खंडोबाला बानू गाठायची होती.

आज यंत्राची गोष्ट आली की चर्चा जिंकण्यापाशीच घोटाळते. 1997 साली डीप ब्ल्यूने कास्पारोव्हला हरवलं, 2016 मध्ये अल्फागोने ली सेडॉलला. ‘गो’ खेळणारा हा कोरियन दिग्गज तीन वर्षांनी निवृत्त झाला, आणि यंत्र आता अजिंक्य आहे हेही त्याने कारणांत सांगितलं. बुद्धिबळ मात्र काही मेलं नाही. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकली. तिच्यापेक्षा सरस चाली आपल्या खिशातला फोन सांगतो, म्हणून तो डाव बघायचं कुणी सोडलं का? जिंकण्यात यंत्र पुढे गेलं, जाऊ दे. माझी काळजी वेगळी आहे. यंत्राशी भांडता येत नाही.

चल्लस-आठ खेळून बघा. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि मधोमध फुली मारायची. चिंचोके फोडून, दगडावर घासून एक बाजू पांढरी करायची. सोंगट्या म्हणून खडे, बांगड्यांचे तुकडे, आमच्याकडे ज्वारीचे दाणेसुद्धा चालतात. ज्वारीला इथे तोटा नाही. चारही चिंचोके पांढरे पडले तर चार, सगळे काळे पडले तर आठ. इथवर सगळे एकमताचे. मग एक चिंचोका फरशीच्या फटीत उभाच राहतो. दान धरायचं की परत टाकायचं? ते मिटतं न मिटतं तोच ‘तोडी’चा, म्हणजे समोरच्याची सोंगटी मारण्याचा वाद निघतो. इंडी-विजापूरकडून आलेली सून म्हणते, “आत्या, आमच्याकडं तोड झाल्याबिगर आत जाऊ देत न्हाईत.” सासूबाई म्हणतात, “हितं देतेत.” कोणीतरी ‘रडीचा डाव’ म्हणून उठू लागतं, त्याला हाताला धरून बसवलं जातं. शेवटी या डावापुरता तुझा नियम, पुढच्याला माझा, असं ठरतं. आणि सून तोडीचा नियम आपल्याच अंगावर शेकून घेऊन हरते, तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे ‘ठरतं’ म्हणजेच खेळ. नियम तोंडी असतो, घराघरांत वेगळा असतो, आणि राबवणारा पंच कुणी नसतो. खेळणाऱ्यांनीच तो मांडायचा, ताणायचा, मान्य करायचा आणि पाळायचा. ग्रामपंचायतीपासून भावकीच्या बांधापर्यंत पुढे आयुष्यभर हेच करायचं असतं. नवी मुंबईतल्या कंपनीचं ‘लुडो किंग’ टाळेबंदीत घरोघर पोचलं. पुण्याला राहिलेला मुलगा आणि गावातली आई एका पटावर आली, हे त्याचं मोठंच पुण्य. पण तिथे फासा तिरका पडत नाही, नियमाला कुणी हरकत घेत नाही, डाव उधळायचा तर ॲप बंद करायचं. उठणाऱ्याला हाताला धरून बसवणारं कुणी नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता तर याच्याही पुढची. ती तुमची समजूत काढेल, तुमच्याशी गोड बोलेल, तुमच्या मगदुराप्रमाणे हरेलसुद्धा. रुसून दोन दिवस अबोला मात्र धरणार नाही, आणि जिच्या अबोल्याची भीती नाही तिच्याशी तडजोड करायला माणूस कशाला शिकेल?

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. योग्यच केलं, पण कायद्याने हातातला खेळ सुटतो, समोरचा माणूस येत नाही. त्याला बोलवावं लागतं, चहा टाकावा लागतो, त्याच्या सोयीने वेळ काढावा लागतो. हा खटाटोप जड वाटतो म्हणून तर फोन जिंकतो.

तेव्हा वाचकांकडे एक मागणं आहे. चल्लस-आठचे नियम इंटरनेटवर शोधू नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, तोड तुमच्याकडे सक्तीची होती का, उभ्या चिंचोक्याचं काय करत, आणि ती सांगेल ते तिच्या गावाच्या नावासह वहीत लिहून ठेवा. शेजारणीचं उत्तर वेगळं निघालं तर दोघींना एका पटावर बसवा.