पाण्याचा काटा

आमच्या कर्जतला 'बँकर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे माझ्यासारखा माणूस येत नाही, इंजिन येतं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढायचा असतो. चढ असा, की 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनाला तो झेपत नाही म्हणून कर्जत स्टेशनात गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, त्यांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. मागून ढकलायचं, घाट संपला की सुटायचं, आणि गाडी पुण्याला पोचवल्याचं श्रेय पुढच्याला. बँकेतल्या कारकुनाचं इतकं यथार्थ वर्णन आमच्या युनियनलाही जमलेलं नाही.

प्रस्तुत लेखक असाच एक बँकर. राहणार कर्जत, नोकरी खालापूरच्या एका शाखेत. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'सिंगल विंडो ऑपरेटर' म्हणतात. खिडकी एकच, शिव्या मात्र सगळ्या खात्यांच्या. शिक्षण बी. कॉम. त्यामुळे जे आकड्यात मांडता येत नाही ते जगात नसतंच, अशी माझी चाळिशी उलटेपर्यंत प्रामाणिक समजूत होती. ती मोडली माझ्या मोटारसायकलीने.

मोटारसायकल म्हणजे सेकंडहँड बुलेट. जुन्या लोखंडी इंजिनाची. 1955 पासून मद्रासेत जे घराणं नांदू लागलं, त्यातली. तिच्या दिव्याच्या डोक्यावर वेगाच्या मीटरशेजारी एक चिमुकला अँपिअरचा मीटर असतो. बॅटरीत वीज जमा होत असली की काटा एका बाजूला, खर्च होत असली की दुसऱ्या बाजूला. हे पाहिल्यावर माझ्यातला बी. कॉम. गहिवरला. यंत्राला डेबिट-क्रेडिट कळतं म्हणजे काय! पण मग मनात आलं, विजेचा हिशेब मिळतो, तर तेलाचा का मिळू नये? इंजिनाच्या पोटात तेल फिरतंय की नाही, हे बाहेर बसलेल्या मालकाला कळायला नको?

एका दुसऱ्या शनिवारी कुर्ल्याला गेलो. दुकानदाराने दोन मीटर पुढे केले. एक तेलाच्या दाबाचा, दुसरा पाण्याच्या तापमानाचा. मी म्हटलं, "एकच हवाय." तो म्हणाला, "जोडी आहे साहेब, जोडी तोडत नाही." दोन्हींची किंमत मिळून एकाच्या किमतीपेक्षा फार जास्त नव्हती. पुढचं काय झालं असेल ते सुज्ञ मध्यमवर्गीय वाचकांना सांगायला नको.

कर्जतला मेस्त्रींसमोर मी मोठ्या अभिमानाने दोन्ही डब्या उघडल्या. मेस्त्रींनी एकदा मीटरांकडे पाहिलं, एकदा बुलेटकडे आणि शेवटी माझ्याकडे.

"साहेब, ह्या गाडीत पानी कुठाय?"

खरंच की! बुलेटचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. असलंच तर पावसाळ्यात सीटवर.

पण मेस्त्री दयाळू. त्यांनी डोक्याकडे तेल नेणाऱ्या बारीक नळीला फाटा काढून तेलाचा मीटर बसवला. पाण्याचा मीटर शोभेला म्हणून शेजारी लावला आणि त्याची लांब शेपटी, तिच्या टोकाच्या पितळी बोंडासकट, टाकीखाली बांधून टाकली. त्या मीटरचे आकडे 40 पासून सुरू होतात. काटा 40 वर निवांत पडून असायचा. फक्त मे महिन्यात कधी कधी उचल खायचा. ज्यांनी कर्जतचा मे काढलाय त्यांना याचं नवल वाटणार नाही.

तेलाच्या मीटरचं शास्त्र मात्र मी कौतुकाने वाचून काढलं. 1849 साली बूर्दाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने त्याचं पेटंट घेतलं. आत एक वाकवलेली चपटी नळी असते. जत्रेतली गुंडाळलेली पिपाणी फुंकली की कशी उलगडते? तसंच. नळीत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काट्याला ओढते. दबाव आला की ताठ होणारी वस्तू जगात आहे, हे मला नवीन होतं. आमच्या शाखेत दबाव आला की सगळे वाकतात.

आणि इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. सकाळी गाडी सुरू केली की काटा वर. छाती भरून यायची. पळसदरी मागे पडेपर्यंत तो उतरू लागायचा. खोपोलीच्या नाक्यावर गाडी थांबली की काटा शून्याला टेकायचा आणि माझा जीव घशाशी यायचा. पूर्वी त्या रस्त्याने जाताना मी डोंगर पाहायचो, पावसाळ्यात धबधबे मोजायचो. आता नजर काट्यावर. एकदा काट्याकडे पाहता पाहता एका म्हशीच्या इतक्या जवळ गेलो की तिने माझ्याकडे ओळख असल्यासारखं पाहिलं.

बायको म्हणाली, "अहो, मीटर नव्हता तेव्हा इंजिन काय कमी चालत होतं?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कळणं बरं की न कळणं बरं, यावर थोरामोठ्यांनी डोकी शिणवली आहेत. मी माझ्यापुरती बाजू मांडली, की न कळण्यात सुख असेल, पण ते उधारीचं असतं. हप्ता चुकत नाही. बायको म्हणाली, "मग बघा काटा आणि धडका म्हशीला."

शेवटी मेस्त्रींना गाठलं. ते हसले. "सकाळी तेल गार, म्हंजे घट्ट. घट्ट तेल ढकलायला दाब जास्त. तापलं की पातळ, दाब कमी. आणि साहेब, दाब म्हंजे तेल न्हाई. पुढं नळी तुंबली तरी काटा वरच दिसंल. पर तिकडं थेंब जात नसंल."

मला 31 मार्च आठवला. त्या संध्याकाळी ठेवींचा आकडा कसा फुगतो आणि 1 एप्रिलला कुठे जातो, हे बँकेत काम केलेल्या कुणालाही विचारा.

"मग खरं कसं कळायचं?"

"हा नट जरा सैल करायचा. तेल पाझरलं, की झालं. काटा सांगतो ते ऐकायचं, पर हात लावून बघायचं."

मग मी गमतीने पाण्याच्या मीटरकडे बोट दाखवलं. म्हटलं, "हा बरा. कधी तक्रार नाही."

मेस्त्री एकदम गंभीर झाले. तरुणपणी त्यांनी खोपोलीला ट्रकांची कामं केलेली. कोपरापासून मनगटापर्यंत जुना भाजल्याचा डाग आहे, तो तापल्या रेडिएटरचं झाकण उघडल्याचा. म्हणाले, "ह्या काट्याचं लई वाईट. गाडी घाट चढती, पानी तापतं, काटा वर. डायव्हर घाबरतो, हे बरं. पर कुठंतरी पाइप फुटतो, पानी गळून जातं. बोंड उघडं पडतं. मग काटा खाली येतो. डायव्हर म्हनतो, गाडी थंड झाली. गाणं लावतो. आन् पुढच्या वळणाला इंजिन जाम." जरा थांबून म्हणाले, "पानी हाय तवर काटा बोंबलतो, साहेब. पानी संपलं की गप."

घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यातून जाईना.

आमच्या आईचे गुडघे गेली कित्येक वर्षं दुखतात. मी घरात पाऊल टाकलं की बूट काढायच्या आत बातमीपत्र सुरू. आज डावा, आज उजवा, आज दोन्ही. मी "बघू हं, आई" म्हणायचो आणि चहा मागायचो. आणि दोन-तीन महिन्यांपासून ते बातमीपत्र बंद झालं होतं. मीच एक तेल आणून दिलं होतं, त्याचा गुण आला असं मी शाखेत चार जणांना सांगितलंही होतं. एकाने त्याचं नाव लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी मी चहा मागितला नाही. आईजवळ जाऊन बसलो.

"आई, गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

काटा 40 वर.

मग मी घरात जरा नजर फिरवली. अंगणातली तुळस खिडकीत आली होती. महिनाभर तरी तिथे असावी, कारण भिंतीवर मातीचा ओघळ वाळून गेला होता. अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत. महडच्या वरदविनायकाला दर संकष्टीला जाणारी ही बाई गेल्या दोन संकष्ट्यांना घरातूनच हात जोडत होती. मला हे दिसलं नव्हतं असं नाही. हिशेबात धरलं नव्हतं.

"आई, खरं सांग."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग जराही न रागावता म्हणाली, "सांगून काय करायचं रे? तू 'बघू' म्हणतोस."

बँकेत आम्ही तक्रारपेटी ठेवतो. पेटी रिकामी निघाली की अहवालात 'ग्राहक समाधानी' असं लिहितो. वीस वर्षं मी ते वाक्य लिहितोय. रिकाम्या पेटीचे अर्थ दोन असतात, आणि मी नेहमी सोयीचा धरला. मीटर नसताना इंजिन जळलं तर ते अज्ञान. मीटर समोर असताना, काटा ओरडत असताना मी 'बघू' म्हटलं आणि तो गप्प झाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला, त्याला अज्ञान म्हणता येत नाही. त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण विनोदी लेखात तो शब्द बसत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढले, व्यायाम सांगितले, काठी आली. गुडघे काही नवे झाले नाहीत. पण अंगणाच्या पायऱ्यांना कठडा बसला आणि तुळस परत बाहेर गेली.

आणि बातमीपत्र पुन्हा सुरू झालं! हल्ली तर त्यात डॉक्टरांची, काठीची आणि कठडा बसवणाऱ्याचीही भर पडली आहे. बूट काढायच्या आत सुरू होतं. मी बूट हातात घेऊन उभा राहून ऐकतो. 'बघू' हा शब्द आमच्या घरात बंद आहे.

परवा मेस्त्री म्हणाले, "साहेब, तो पान्याचा मीटर काढून टाकू का? फुकटचं वजन."

म्हटलं, "राहू दे."

"कशाला? त्याला तर पानीच न्हाई."

मी म्हटलं, "म्हणूनच."

मेस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्या म्हशीची आठवण झाली.