निषेधाला नाव देताना

निषेध या शब्दाचा पहिला अर्थ मनाई असा आहे. धर्मशास्त्रात विधी आणि निषेध ही जोडी येते; काय करावे हे विधी सांगतो आणि काय करू नये हे निषेध. निषेधसभा, निषेधाचा ठराव, दंडावरच्या काळ्या फिती अशा सार्वजनिक रिवाजांतून आधुनिक मराठीत या शब्दाला जाहीर नापसंतीचा अर्थ आला, तरी जुन्या अर्थातली एक अट कायम राहिली, ती अशी की ज्याचा निषेध करायचा त्याचे नाव घ्यावे लागते. मुसलमानांविषयीच्या द्वेषाचा निषेध करताना ‘इस्लामोफोबिया’ हे नाव घ्यावे, की ‘सर्व प्रकारच्या धार्मिक भेदभावाचा निषेध’ एवढे म्हणून थांबावे, हा आजचा राजकीय वाद मुळात याच अटीविषयीचा आहे. या इंग्रजी शब्दाचे ‘इस्लामभय’ आणि ‘इस्लामद्वेष’ असे दोन मराठी पर्याय वापरले जातात. पण धर्माच्या किंवा जातीच्या नावाने माणसाला दूर ठेवण्याचा जो अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे, त्याचे खरे नाव भय नाही आणि नुसता द्वेषही नाही. त्याचे नाव विटाळ आहे.

पुण्यात या विटाळाचा इतिहास एका चहाच्या पेल्यात पाहता येतो. १८९० साली पंचहौद मिशनमधील कार्यक्रमात मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे जातीने एखाद्याला दोषी ठरवून त्याच्याशी पंक्तिव्यवहार तोडण्याची कारवाई. हे प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले आणि रानड्यांनी ते घेतल्याने सुधारकांनाही धक्का बसला. ख्रिस्ती धर्मतत्त्वांवर त्या वादात फारशी चर्चा झाली नाही, कारण प्रश्न परधर्मीयाच्या हाताचा होता. त्याच शहरात, त्याच काळात जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून संपवले होते. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांनी अशा कुटुंबाची कल्पना केली आहे, की ज्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असू शकतो आणि तरीही सर्वांनी एका घरात प्रेमाने नांदावे. चहाचा पेला आणि हे घर यांच्यातले अंतर लक्षात घेतले, म्हणजे फुल्यांचा विचार आपल्या काळाच्या किती पुढे होता हे कळते.

ब्रिटिश सरकारने धर्मांमधल्या या दुराव्याकडे शांतता आणि सुव्यवस्थेच्या नजरेने पाहिले. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि १८९८ च्या दुरुस्तीने राजद्रोहाचे कलम व्यापक करतानाच दंडसंहितेत कलम १५३-अ घालण्यात आले. या कलमाने समाजगटांमध्ये वैर पसरवणे हा गुन्हा ठरला. १९२७ मध्ये धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याविषयीचे कलम २९५-अ आले. आजच्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमे अनुक्रमे १९६ आणि २९९ या क्रमांकांनी उभी आहेत. या दोन्ही कलमांत सर्व गट समान पातळीवर धरलेले आहेत आणि भर वैरावर किंवा दुखावलेल्या भावनेवर आहे. एखाद्याला घर नाकारले जाते, दुकानातून परत पाठवले जाते, यांत होणारी हानी त्यांच्या चौकटीत सहज बसत नाही.

ती चौकट १९२७ मध्येच दुसऱ्या बाजूने मोडली जात होती. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्यायले, त्यानंतर सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेतले. ज्या तळ्यात गुरेढोरे उतरत होती ते माणसाच्या ओंजळीने बाटते, हे त्या शुद्धीकरणाने उघडपणे सांगितले. राज्यघटनेने पुढे या अनुभवाची नोंद फार नेमकेपणाने घेतली. अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई करतो आणि त्यातच दुकाने, विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुच्छेद १७ अस्पृश्यता हे नाव घेऊन ती नष्ट करतो. १९५५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. ‘सर्वच प्रकारचा भेदभाव वाईट’ एवढ्यावर घटनाकार थांबले नाहीत. अस्पृश्यतेचे नाव घेतल्याने स्त्रियांवरील किंवा अल्पसंख्याकांवरील अन्यायाला मोकळीक मिळाली, असे कोणी म्हणू शकणार नाही. ‘इस्लामोफोबिया’ म्हणताना एका धर्माचेच नाव का, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

मात्र नाव घेण्यातला धोकाही खरा आहे आणि तो पुण्यातूनच सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये मुंबईत तोंडी तलाकविरोधात सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. ‘सत्यशोधक’ हे नाव फुल्यांच्या १८७३ च्या समाजाचा वारसा सांगणारे होते. मुस्लिम जातीयवाद आणि हिंदू जातीयवाद या दोहोंना विरोध करणाऱ्या दलवाईंना स्वसमाजातून धर्मद्रोही ठरवले गेले आणि दुसऱ्या बाजूने त्यांची अर्धीच वाक्ये उचलली गेली. इस्लामद्वेषाच्या निषेधात इस्लामच्या चिकित्सेलाच मनाई झाली, तर पहिला आरोपी दलवाईच ठरतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तत्काळ तिहेरी तलाक रद्द केला, तेव्हा त्या सात स्त्रियांच्या मागणीचा एक भाग ५१ वर्षांनी मान्य झाला. म्हणून रूढीवरची टीका आणि माणसाला बाटवणारा मानणे, यांतली रेषा कोणत्याही व्याख्येत ठळक असायला हवी.

जागतिक वादातही हीच रेषा शोधली जात आहे. ब्रिटनमधील रनीमीड ट्रस्टच्या १९९७ च्या अहवालाने ‘इस्लामोफोबिया’ हा शब्द धोरणचर्चेत रुजवला. क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींवरील हल्ल्यांत ५१ जण मारले गेले आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२२ मध्ये १५ मार्च हा इस्लामोफोबियाविरोधी दिन ठरवला. भारताने त्या वेळी हिंदू, बौद्ध, शीख यांच्याविरुद्धच्या द्वेषाकडे लक्ष वेधून एकाच धर्माचा उल्लेख करण्याविषयी चिंता व्यक्त केली. याच विषयावरील २०२४ च्या ठरावावर ११५ देश बाजूने होते, विरोधात कोणी नव्हते आणि भारतासह ४४ देश तटस्थ राहिले. भारताने मांडलेली चिंता खोटी नव्हती. पण घरच्या घटनेने अस्पृश्यतेबाबत स्वीकारलेली पद्धत तिच्यात विसरली गेली.

नाव टाळले की काय होते, हे पुण्यातील हडपसरने पाहिले. २ जून २०१४ च्या रात्री नमाज पढून परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये काही आरोपींना जामीन देताना, मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, असे म्हटले आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. जी गोष्ट गुन्ह्याचे गांभीर्य वाढवते, तीच सौम्यतेचे कारण झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश रद्द करून, न्यायालयांनी एखाद्या समाजाविषयी पूर्वग्रह भासेल अशी भाषा टाळावी, असे बजावले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातून आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवारवाड्यात काही स्त्रियांनी नमाज पढल्याची चित्रफीत पसरली. संरक्षित स्मारकात प्रार्थनेला परवानगी आहे की नाही, हा नियमाचा प्रश्न होता आणि पुरातत्त्व विभागाच्या तक्रारीवरून त्याचा गुन्हाही नोंदला गेला. परंतु भाजपच्या खासदार मेधा कुलकर्णी यांच्या पुढाकाराने तेथे आंदोलन झाले आणि नमाजाची जागा गोमूत्राने शुद्ध करण्यात आली; त्यावर महायुतीतल्या सहकारी पक्षातूनही टीका झाली. स्मारकाच्या कोणत्याही नियमात गोमूत्राची तरतूद नाही. नियम मोडणाऱ्याला दंड होतो. शुद्धीकरण होते ते बाटवणाऱ्याच्या स्पर्शाचे, आणि महाडच्या तळ्यावर हेच झाले होते. ज्या वाड्याचा एक उत्तराभिमुख दरवाजा बाजीराव पेशव्यांच्या, मुस्लिम आईच्या पोटी जन्मलेल्या मस्तानीच्या नावाने ओळखला जातो, त्या वाड्यात ते घडले. त्यानंतरच्या निवेदनांत स्मारकाचे पावित्र्य, भावना, सलोखा हे शब्द पुष्कळ आले, विटाळ हा शब्द क्वचितच आला.