सेवकाची सत्ता

आमच्या शिक्षणखात्यात ‘सेवा’ हे नाणे इतके झिजले आहे, की त्यावरचा छाप आता वाचता येत नाही. मास्तरच्या नोकरीची नोंद ते ‘सेवापुस्तक’, नोकरी सरली की ‘सेवानिवृत्ती’. मधल्या वर्षांत सेवा कितीशी झाली हे विचारण्याचा आगाऊपणा कोणी करीत नाही. मीही करणार नाही, कारण माझेही सेवापुस्तक कचेरीच्या कपाटात आहे! पण चकलीबरोबर एक कडक प्रश्न चावायला हरकत नसावी. संस्थेचा प्रमुखच जेव्हा तिचा सेवक होतो, तेव्हा संस्थेला बळ येते, की ती पांगळी होते?

माझ्या पाहण्यात एक मुख्याध्यापक होते. सर्वांच्या आधी येऊन कुलूप तेच काढीत, शिपाई आला नाही तर घंटा तेच देत, वर्गही झाडीत. गाव त्यांना देव मानी. पुढे ते आजारी पडले आणि परीक्षेचे कागद कोठे आहेत, कपाटाची किल्ली कोणती, हे कोणालाच सांगता येईना. पंधरा दिवसांत शाळेची रया गेली. त्यांच्या त्यागाविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण दुसऱ्याला काही करूच न देणे ही सत्तेचीच एक तऱ्हा आहे. आणि ती हातात झाडू घेऊन येते, म्हणून तिला नको म्हणण्याचीही सोय नसते.

कर्मवीर भाऊराव पाटलांची सेवा निराळी होती. किर्लोस्करांचे नांगर खपवीत खेडोपाडी हिंडलेला हा माणूस. मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेला. (मी मॅट्रिकला थांबलो, एवढाच काय तो माझा वरचढपणा!) 1919 साली त्यांनी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात नाना जातींची पोरे एका पंगतीला जेवत. पण भाऊरावांनी त्यांना आयते वाढले नाही. स्वयंपाक, शेतावरची मेहनत, सारे पोरांकडून करून घेतले. वरवर पाहता ही काटकसर. खरे म्हणजे ज्या पोराने भाकरी थापली, त्याला आपण कोणाच्या दयेवर जगतो असे वाटेना. वसतिगृह त्याचे झाले. 1935 मध्ये खेड्यांसाठी शिक्षक घडवणारे विद्यालय निघाले, तेही याच ओढीने.

मात्र एका ठिकाणी माझे मन अडखळते. वसतिगृहातले धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्या गेल्या. आम्ही मास्तर मंडळी हे भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. त्यांनी ते मनापासून दिले असेल. ती पोरे त्यांना परकी नव्हतीच. तरीही घरच्या माणसाचे देणे आपल्या सेवेच्या खात्यावर जमा करण्याचा अधिकार पुढाऱ्याला कोठून येतो? आणि ज्या घरात नवरा सर्वस्व देऊन बसला आहे, तिथे बायकोला ‘नाही’ म्हणता येते का? थोर माणसाविषयी असे विचारणे काहींना रुचणार नाही. पण मला वाटते, एका बाईच्या गळ्यातल्या मण्यांवर संस्था टेकते, तेव्हा ती संस्था अजून उभी राहिलेली नसते.

ती उभी राहिल्याचे दिसले ते पुढे, 1948 च्या सुमारास. मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. तोवर संस्थेचा भार पुष्कळ खांद्यांवर वाटला गेला होता. गावे होती, शिकून तयार झालेले शिक्षक होते. संस्था मोडली नाही, आणि अनुदानही पुन्हा सुरू झाले.

9 मे 1959 रोजी भाऊराव गेले. जूनमध्ये शाळा उघडल्या, वसतिगृहांत चुली पेटल्या. पीठ कोठे ठेवले आहे, हे पोरांना ठाऊक होते.