रोजच्या शिवाराचा फोटो

भंडारा जिल्ह्याचे फोटो म्हटले की गोसेखुर्दचं धरण, वैनगंगेचा काठ, पवनीचा किल्ला. सुंदरच आहेत ते. पण रोवणीच्या दिवसांत लाखनी-साकोलीकडची एखादी बांधी पाहा. पोटरीभर चिखल, धुऱ्यावर टाकलेल्या पऱ्ह्यांच्या पेंड्या, ओणवलेल्या बायांची रांग आणि मागे माजी मालगुजारी, म्हणजे आपल्या मामा तलावाची पाळ. याचा फोटो कोण काढतो? ‘यात काय बघायचं?’ असं आपणच म्हणतो.

गंमत अशी, की कॅमेऱ्याने टिपलेला, आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना फोटो असल्याच साध्या दृश्याचा आहे. फ्रान्समधल्या एका खेड्यात निएप्स नावाच्या संशोधकाने १८२७च्या सुमारास तो खिडकीतून घेतला. त्यात राजवाडा नाही. छपरं आहेत, भिंती आहेत. वेळ इतका लागला, की ऊन समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर दिसतं.

आपल्याला मात्र घाई फार. भर दुपारी मोबाइल काढला, तर शिवार सपाटच दिसणार. सकाळच्या तिरप्या उन्हात धुऱ्याची सावली पडते, बांधीतल्या पाण्यात आभाळ दिसतं. तेव्हा काढा फोटो. आणि हो, गावाचं नाव आणि तारीख आठवणीनं लिहून ठेवा.