मूळ म्हणजे कधीचं?

एका प्रतिज्ञापत्राच्या कामासाठी मी पहिल्यांदा एस्प्लनेड मॅन्शनमध्ये गेलो. मुंबईत काळा घोड्याला, सेशन्स कोर्टाच्या शेजारी. वकीलसाहेबांनी फोनवरच बजावलं होतं, "जिना चढताना मधोमध चाल, कठड्याला टेकू नकोस." आत प्लायवूडच्या केबिन्स, वायरींची जाळी, फायलींचे ढीग, एका कोपऱ्यात पाण्याची पिंपं. सहीसाठी ताटकळत बसलेलो असताना दोन कपाटांच्या फटीतून एक लोखंडी खांब दिसला. ऑइलपेंटचे इतके थर बसले होते की त्याची नक्षी जवळजवळ बुजली होती.

हे एकेकाळचं वॉट्सन्स हॉटेल, हे मला घरी येऊन गुगल केल्यावर कळलं. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनियरने त्याचा आराखडा केला. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, सुटे भाग जहाजाने मुंबईत आणले आणि इथे जोडले. 1869मध्ये इमारत पूर्ण झाली. लोखंडी चौकट बाहेरून दिसेल अशी, मधल्या जागेत विटांचं बांधकाम, बाहेर लांबच लांब बाल्कन्या, आत मोठा चौक. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले, ते इथेच. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे राहून गेला आणि बाल्कनीतल्या कावळ्यांवर त्याने लिहिलं.

पण हे हॉटेल युरोपियनांसाठी होतं. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. इतिहासकार ती खरी मानायला कचरतात. तरी ती इतकी वर्षं टिकली, यावरून या दारासमोर आपल्या माणसांना काय वाटत असेल ते कळतं.

पुढे हॉटेल बंद पडलं. खोल्यांचे तुकडे पडले, बाल्कन्या बंदिस्त झाल्या, पोटमाळे निघाले. वकील आले, टायपिस्ट आले, छोटे दुकानदार आले, काही कुटुंबंही राहू लागली. हेरिटेजप्रेमींच्या भाषेत ही 'विद्रूप' झालेली इमारत.

मला हा शब्द खटकायचा. मित्रांशी वाद घालताना मी म्हणायचो, मूळ रूप म्हणजे नेमकं कधीचं? 1869चं? म्हणजे ज्या रूपात मला दारातूनच परत पाठवलं असतं, ते? प्लायवूडच्या ज्या भिंतींना तुम्ही नावं ठेवता, त्या भिंतींमुळेच माझ्यासारखा माणूस पहिल्यांदा इथे हक्काने खुर्ची ओढून बसला. बदल हाच या इमारतीचा खरा इतिहास आहे. टाळीचं वाक्य होतं, आणि मला ते आवडायचंही.

मग मी 2005च्या बातम्या वाचल्या. त्या पावसाळ्यात इमारतीच्या बाल्कन्यांचा भाग रस्त्यावर कोसळला. एक माणूस गेला, काही जखमी झाले. कठड्याला टेकू नकोस, हे तेव्हापासूनचं शहाणपण असणार.

आता दोष कुणाचा? 1947च्या भाडे कायद्याने शहरातली जुनी भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. कायद्यामागचा हेतू चांगला होता, गरजू भाडेकरूला कुणी रातोरात रस्त्यावर काढू नये. पण असल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असं मुंबईतला कुठलाही जुना घरमालक सांगेल. भाडेकरू म्हणणार, इमारत माझी नाही, मी खर्च का करू? मग एकाने बाल्कनी बंद केली, दुसऱ्याने पाण्याची टाकी बसवली, तिसऱ्याने पोटमाळा काढला. सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येकाची गरज रास्त होती. वजन मात्र सगळ्यांचं मिळून एकाच सांगाड्यावर येत होतं, आणि ही बेरीज करायचं काम कुणाचंच नव्हतं.

इथे माझं टाळीचं वाक्य अडलं. बदल म्हणजे इतिहास, हे खरं. पण खाली फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाला तो बदल करताना कुणी विचारलं नव्हतं. ज्या घराला आपण आपलं मानतो, त्याची काळजीही आपल्याकडे येते. आम्ही जागा घेतली आणि काळजी दुसऱ्या कुणावर तरी सोडली. हे 'आम्ही' मी मुद्दाम म्हणतोय. मीही त्या खुर्चीत बसलो, काम करून घेतलं आणि जिना उतरून निघून आलो.

2019मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असं सुचवलं, संवर्धनतज्ज्ञांनी ती वाचवता येईल असं सांगितलं, प्रकरण हायकोर्टात गेलं. या वादात दोन्ही बाजू लोखंडाबद्दल बोलत होत्या. मला केबिन्समधली माणसं आठवत होती. उद्या नक्षी खरवडून खांब चकचकीत केले, चौकात कॅफे निघाला आणि कॉफीचा भाव त्या टायपिस्टला न परवडणारा असला, तर दार पुन्हा 1869सारखंच बंद झालं असं मी म्हणेन.

इमारतीजवळच तो प्रसिद्ध घोडा आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965मध्ये इथून हलवून राणीच्या बागेत नेला. पुढची 52 वर्षं चौकात घोडा नव्हता, तरी लोक चौकाला काळा घोडाच म्हणत राहिले. 2017मध्ये नवा घोडा बसवला, पण पाठीवर राजा नाही. काय ठेवायचं आणि काय उतरवायचं, हे तिथे कुणीतरी ठरवलं.

वॉट्सनबाबतही मला एवढंच हवं आहे, कुणीतरी बसून ठरवावं. सांगाडा ठेवा, बाल्कनीवरचं जास्तीचं वजन उतरवा, आणि वकील-टायपिस्टांना परवडतील अशा काही खोल्या राखून ठेवा. दुरुस्तीचा वाटा मालक, सरकार आणि वापरणारे, तिघांनीही उचलावा. माझ्या कामाच्या दिवशी कुणी तो वाटा मागितला असता, तर मी कुरकुर केली असती हे मला माहीत आहे. तरी तो द्यायला हवा होता.